लेक नाटकाच्या थिएटरात फुकट काम करते, तिला थांबवू का?

प्रश्न : ताई, आम्ही कराडला असतो. मुलगी पुण्यात एसवाय बीकॉमला आहे, हॉस्टेलवर राहते. जूनपासून ती शुक्रवार ते रविवार संध्याकाळी एका छोट्या नाट्यगृहात व्हॉलंटियर म्हणून जाते. एक संस्था ते चालवते, तिथले सगळेजण आपापली नोकरी सांभाळून येतात म्हणे. आधी दारावर तिकिटं बघायची, आता लाइटच्या केबिनमध्ये बसते. पैसे एक रुपया नाही. रूमवर यायला साडेदहा-अकरा होतात. परवा फोनवर म्हणाली, मला यातच करिअर करायचंय. मला तर वाटतं पोरीला फुकट राबवून घेतायत. थांबवू का? आणि शेवटी सर्टिफिकेट देणार आहेत, त्याचा नोकरीला काही उपयोग होतो का?

उत्तर :

नमस्कार दादा,

थांबवू नका. हे आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला लागणार नाही. पण थांबवू नका म्हणजे चाललंय तसं चालू दे असंही माझं म्हणणं नाही, काही गोष्टी तुम्ही आणि तिने बसून ठरवायला हव्यात, त्या सांगते.

तुमच्या पत्रात एक वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात, आधी दारावर होती आता लाइटच्या केबिनमध्ये बसते. मला सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटलं. जिथे पोरांना नुसतं राबवून घेतात तिथे पोरगं पहिल्या दिवशी खुर्च्या मांडतं आणि वर्षाने पण खुर्च्याच मांडत असतं, चहा आणायला तेच, बॅनर लावायला तेच, आणि त्याला काही शिकवायचं असतं हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. तुमच्या लेकीला कुणीतरी बघितलं, हिला जमेल असं वाटलं आणि काही महिन्यांत आत नेलं. म्हणजे तिथे शिकवणारं माणूस आहे. फुकट काम आणि शिकाऊ काम यातला फरक मी एवढ्यावरूनच ओळखते, आज काय करते, तीन महिन्यांनी काय करणार आणि ते कोण शिकवणार. या तिन्हीची उत्तरं तिला देता आली तर पैसे मिळत नाहीत म्हणून लगेच काळजी करू नका, आणि नाही देता आली तर मग तुमचा संशय बरोबर आहे.

आता तुम्हाला ही सगळी भानगड नवीन वाटत असेल, पण आपल्याकडे प्रायोगिक नाटक उभं राहिलंय तेच अशा माणसांवर. मुंबईत 'आविष्कार' ही संस्था १९७१ मध्ये सुरू झाली, अरविंद देशपांडे, सुलभा देशपांडे, विजय तेंडुलकर ही मंडळी त्यात होती, आणि १९७४ पासून त्यांनी दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये प्रयोग करायला सुरुवात केली. शाळेचा हॉल, म्हणजे दिवसा शाळा आणि संध्याकाळी नाटक, लेव्हल म्हणजे स्टेजवरचे लाकडी चौथरे लावा, लाइट लावा, प्रयोग करा आणि परत सगळं आवरून हॉल मोकळा करून द्या. हे कोण करणार, तर संस्थेचीच माणसं, नोकरीवरून सुटून आलेली. त्यात अरुण काकडे होते, सगळे त्यांना काकडेकाका म्हणायचे, २०१९ मध्ये गेले. त्यांचं नाव झालं ते स्टेजवरच्या कामापेक्षा संस्था चालवण्यासाठी, हॉल मिळवणं, तारखा, पत्रव्यवहार, पैशांची जुळवाजुळव, हे त्यांनी कित्येक दशकं केलं आणि म्हणून पुढच्या पिढ्यांना प्रयोग करायला जागा मिळाली. पुण्यात शनिवार पेठेत सुदर्शन रंगमंच आहे, महाराष्ट्र कल्चरल सेंटर ही संस्था तो चालवते, तोही अशाच तळमळीच्या लोकांमुळे टिकलाय. काकडेकाकांचं उदाहरण मी मुद्दाम दिलं कारण तुमची मुलगी बीकॉम करतेय, त्यावर पुढे येतेच.

आधी ती केबिनमध्ये नक्की काय शिकते ते सांगते, कारण घरी बसून आपल्याला वाटतं की बटणं तर दाबायचीत. लाइट ऑपरेट करणाऱ्याच्या पुढ्यात क्यू शीट असते, कुठल्या वाक्याला कुठला दिवा किती चढवायचा, किती सेकंदांत उतरवायचा, सगळं लिहिलेलं. पण कागद पाठ झाला म्हणजे काम आलं असं नसतं. समजा नाटकात नट खोलीतला दिवा बंद करून झोपायला जातो असा सीन आहे. स्टेजवरचं बटण खोटं असतं, अंधार केबिनमधून करायचा असतो. बटणाचा आवाज आल्यावर तुम्ही फेडर, म्हणजे दिवा कमी-जास्त करायची सरकपट्टी, खाली ओढलात तर उशीर झालेला असतो, प्रेक्षकाला लगेच कळतं. म्हणून नटाचा हात उचलला जातो तेव्हाच आपलं बोट तयार ठेवायचं, आणि त्या दिवशी नट एक वाक्य विसरून थेट पुढे गेला तर आपणही कागद सोडून त्याच्या मागे जायचं. दीड-दोन तास एवढं लक्ष एका जागी धरून ठेवणं हे कुठल्याही क्लासमध्ये शिकवत नाहीत दादा. शिवाय दिवा बदलताना हॅलोजनच्या बल्बला उघडा हात लावायचा नाही, बोटाचं तेल काचेला लागलं की ती काच तिथे जास्त तापते आणि बल्ब जातो, वर टांगलेल्या प्रत्येक लाइटला सेफ्टी चेन आहे का बघायचं, शिडीवर कुणी चढलं की खाली एकाने शिडी धरायचीच. हे तिला येतं का, एकदा सहज विचारा. भराभर सांगितलं तर समजा नीट शिकवतायत. आणि शिडीवर एकटीच चढते असं कळलं तर मात्र त्याच दिवशी तिथल्या मोठ्या माणसाशी बोला, यात संकोच करू नका.

माझा एक आग्रह आहे, तिने दारावरचं काम पूर्ण सोडू नये. लाइटमध्ये गंमत असते म्हणून पोरांना तिथेच राहायचं असतं आणि दारावर उभं राहणं त्यांना कमीपणाचं वाटतं, पण माझ्या मते तिच्यासाठी जास्त मोठी शाळा तीच आहे. बुकिंगचा प्लॅन, म्हणजे खुर्च्यांचा नकाशा सांभाळणं, तिकिटं ऑनलाइन किती गेली, खिडकीवर किती, पासेस किती, यूपीआयवर आलेले आणि रोख आलेले पैसे तिकिटांच्या अर्धुकांशी रात्रीच जुळवणं, गुडघे दुखणाऱ्या आजींना पायऱ्या नसलेली खुर्ची देणं, उशिरा आलेल्याला टॉर्च जमिनीवर धरून आत नेणं म्हणजे नटाच्या डोळ्यावर उजेड जात नाही, तिसरी घंटा द्यायच्या आधी आत निरोप पाठवणं की बाहेर अजून पंधरा माणसं आहेत, दोन मिनिटं थांबा. चिडलेल्या माणसाशी आवाज न चढवता बोलायला एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीला दुसरीकडे कुठे शिकायला मिळणार सांगा.

आता बीकॉमचं, काकडेकाकांचं उदाहरण दिलं ते यासाठीच. नाटक कळणारी पोरं भरपूर आहेत, हिशोब कळणारी त्याहून भरपूर आहेत, पण दोन्ही कळणारं माणूस शोधायला गेलात तर या क्षेत्रात सापडत नाही. अशी जागा चालवणारी संस्था बहुतेक वेळा पब्लिक ट्रस्ट असते, म्हणजे दरवर्षी ऑडिट, धर्मादाय आयुक्तांकडे हिशोब, देणगीच्या पावत्या, देणगीदाराच्या करसवलतीचं ८०जी. तिकिटाचं म्हणाल तर ५०० रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटाला जीएसटी नाही, त्याच्या वर गेलं की गणित बदलतं, म्हणून दर ठरवतानाच कुणीतरी कॉमर्सवाला शेजारी लागतो. प्रयोग लावायचा तर लेखकाची परवानगी आणि रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकाच्या सेन्सॉरचं प्रमाणपत्र बघावं लागतं. तिने तिथल्या खजिनदारांना सांगावं की मला महिन्यातून दोन दिवस हिशोबाला बसवा. अशा संस्थांचे खजिनदार एकटेच खिंड लढवत असतात, ते नाही म्हणणार नाहीत. एका प्रयोगाचं पूर्ण बजेट, हॉलभाडं, लाइट-साउंड, जाहिरात, प्रवास, आणि शेवटी हातात किती उरलं, हे तिने एकदा स्वतः मांडलं ना की करिअर करायचंय म्हणजे काय करायचंय हे तिचं तिलाच स्पष्ट होईल.

पैशांबद्दल खरं ते सांगते. व्यावसायिक नाटकात बॅकस्टेजला प्रयोगाप्रमाणे नाइट, म्हणजे त्या प्रयोगाचं मानधन मिळतं, प्रयोग असेल तर पैसे, नसेल तर नाही, पावसाळ्यात आणि परीक्षांच्या दिवसांत प्रयोग कमी होतात. नुसत्या लाइट ऑपरेटिंगवर पुण्यात घर चालवणं अवघड आहे आणि हे तिला आत्ताच माहीत असलेलं बरं. लाइट करणारी बरीच मंडळी त्यासोबत इव्हेंट, गाण्याचे कार्यक्रम, कॉर्पोरेट शो करतात, त्यात पैसे बरे असतात. महिन्याचा पगार हवा असेल तर मॅनेजमेंटकडे वळावं लागतं. मुंबईत एनसीपीए हे नाटक-संगीताचं मोठं केंद्र आहे, जुहूचं पृथ्वी थिएटर आहे, गोव्यात पणजीला २०१६ पासून डिसेंबरमध्ये सेरेंडिपिटी आर्ट्स फेस्टिव्हल भरतो, मुंबईत १९९९ पासून काळा घोडा फेस्टिव्हल आहे, अशा ठिकाणी प्रोग्रॅमिंग, प्रॉडक्शन, तिकीट, स्पॉन्सर असली कामं करायला माणसं लागतात. जागा थोड्या असतात हे खरं, पण तिथे विचारतात तू आधी काय काय उभं केलंस, आणि या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर तयार होतंय.

म्हणून सर्टिफिकेटचं सांगते. 'अमुक हिने आमच्याकडे स्वयंसेवक म्हणून उत्तम काम केले' असा कागद असेल तर फ्रेम करा आणि भिंतीवर लावा, नोकरीला त्याचा उपयोग नाही. कागदावर तारखा हव्यात, किती प्रयोगांना काय काम केलं ते हवं, लाइट ऑपरेटर की हाउस मॅनेजर, म्हणजे प्रेक्षकांची व्यवस्था बघणारी, की बुकिंग ते स्पष्ट हवं आणि ज्याने शिकवलं त्याची सही हवी. तिने आजपासून एक वही करावी, तारीख, नाटक, काम, काय चुकलं, काय शिकले, आणि महिन्याच्या शेवटी सही घ्यावी. दिल्लीच्या नॅशनल स्कूल ऑफ ड्रामाचा ३ वर्षांचा डिप्लोमा आहे, तिथे प्रवेशाला कुठल्याही शाखेची पदवी चालते पण किमान ६ नाटकांत भाग घेतल्याचे पुरावे मागतात. बघा, पदवी पण लागते आणि नाटक पण लागतं. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, तिथेही नाटक शिकवतात, मुंबई विद्यापीठाची अ‍ॅकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स आहे जिथे एमए करता येतं. यातलं काहीही करायचं तरी बीकॉम नीट पूर्ण झालं पाहिजे, त्यामुळे अभ्यास सोडून नाटक असला विषय तिच्या डोक्यात असेल तर तिथे तुम्ही ठाम राहा, माझा तुम्हाला पाठिंबा आहे.

अजून एक, तिच्या कॉलेजला विचारायला सांगा. नव्या शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्ट, कम्युनिटी एंगेजमेंट, ऑन जॉब ट्रेनिंग याला क्रेडिट, म्हणजे पदवीत धरले जाणारे श्रेयांक असतात. पोरं कुठल्यातरी ओळखीच्या दुकानातून सही आणून ते क्रेडिट भरतात, हिच्याकडे तर खरं काम आहे. कॉलेजने मान्य केलं तर तेच तास अभ्यासातही धरले जातील, फक्त आधी परवानगी घ्यायची, काम झाल्यावर मागायला गेलं की नाही म्हणतात.

रात्रीचं. तुमची काळजी मी समजू शकते आणि ती बिनकामाची नाही. हॉस्टेलपर्यंत कोण सोडतं, रोज तेच माणूस असतं का, संस्थेचा यासाठी काही नियम आहे का, हे तिला नाही तर संस्थेला विचारा. फोन करा, वडील बोलतोय म्हणून सांगा, चांगल्या संस्थेला याचा राग येत नाही. आणि हे पण माहीत असू दे की कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ होऊ नये म्हणून २०१३ चा जो कायदा आहे त्यात पगार न घेता स्वयंसेवक म्हणून काम करणारी व्यक्तीही येते. १० किंवा जास्त माणसं काम करत असतील तर अंतर्गत समिती असायला हवी, त्याहून कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. आपण तर फुकट काम करतो, आपण कुठे तक्रार करणार असं मुलींना वाटतं, म्हणून तिला हे फोनवर नाही, समोर बसवून सांगा.

दिवाळीला ती घरी आली की चिडचिड न करता तासभर काढा. आठवड्याला तीनच्या जागी दोन संध्याकाळ, परीक्षेच्या आधी एक महिना पूर्ण सुट्टी, आणि या सेमिस्टरला मार्क किती हवेत तो आकडा दोघांनी मिळून ठरवा. ती संस्थेला सुट्टीचं आधी कळवेल, आयत्या वेळी नाही, कारण प्रयोगाच्या दिवशी लाइटवाला आला नाही की बाकी दहाजणांची मेहनत अडते. आणि तुम्ही वहिनींना घेऊन एकदा पुण्याला जा, ती ऑपरेट करत असेल असा प्रयोग निवडा, तिकीट काढून जा, पासवर नको. प्रयोग झाल्यावर तिला शिकवणाऱ्या माणसाला भेटा आणि मी वर दिलेले तीन प्रश्न त्यांनाच विचारा. ते काय म्हणाले आणि कॉलेजने क्रेडिटचं काय सांगितलं ते मला कळवा, त्यावरून टीवायला कुठले विषय घ्यायचे ते पुढच्या पत्रात बोलू.