दुसरी कंपनी विकत घेऊन तिचं नवं तंत्रज्ञान खरंच पदरात पडतं का?

पडतं, पण नेमकं काय विकत घेताय त्यावर आहे.

मी गोव्यातल्या फोंड्याचा. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या औषध कंपनीत अकरा वर्षं फॉर्म्युलेशनला, म्हणजे औषधाची गोळी बनवण्याच्या कामाला, होतो. नाव घेण्यासारखी आमची एकच गोष्ट होती, बारा तास हळूहळू औषध सोडणारी एक गोळी. करामत सगळी वरच्या कोटिंगची. तिच्यासाठीच उत्तरेकडच्या एका मोठ्या कंपनीने आम्हाला घेतलं.

आधी महिनाभर त्यांची माणसं फायली चाळत होती. 'महत्त्वाचे कर्मचारी' म्हणून सहा नावांची यादी झाली. त्यात मी होतो, दोन वर्षं टिकलो तर बोनस. कोटिंग पॅन, म्हणजे गोळ्या घोळवत त्यांच्यावर कोटिंग फवारणारं यंत्र, चालवणारा ऑपरेटर त्यात नव्हता. तो ठेकेदाराच्या हजेरीपटावर ना!

हा गडी कानाने काम करायचा. कोरड्या गोळ्या पॅनमध्ये खळखळतात, ओल्या झाल्या की आवाज दबतो. पावसाळ्यात आमच्याकडची हवाच एवढी ओली, आणि हवा कोरडी करणाऱ्या डीह्युमिडिफायरला मालकाकडे पैसे नव्हते. नेहमीचा स्प्रे रेट, म्हणजे फवारणीचा वेग, ठेवला तर गोळ्या एकमेकींना चिकटायच्या. "पात्रांव, ओल्यो जाल्यो," (साहेब, ओल्या झाल्या) असं तो म्हणायचा आणि मी मीटर बघेपर्यंत स्प्रे कमी केलेला असायचा. एसओपीत, म्हणजे कामाच्या लेखी पद्धतीत, आम्ही कमाल-किमान आकडे लिहिले होते. आज त्यांच्या मधे कुठे थांबायचं, ते लिहिलेलं नव्हतं.

गोळी त्यांच्या कोरड्या हवेच्या प्लांटमध्ये गेली. पहिल्या तिन्ही बॅचेस संत्र्याच्या सालीसारख्या खरखरीत. थेंब गोळीवर पोचायच्या आधीच सुकत होते, त्यामुळे कोटिंग सच्छिद्र, आणि डिसोल्यूशनला, म्हणजे औषध किती वेळात विरघळून बाहेर पडतं त्या चाचणीत, बहुतेक औषध चार तासांत बाहेर. मला बोलावलं. कारण मी पहिल्याच दिवशी सांगितलं, पण तीन आठवडे आकडे फिरवूनही गोळी जमली नाही. "त्याला आणा," म्हटलं, तर कळलं की ठेका संपवून त्याला कधीच घरी पाठवलंय. दीड वर्षाने गोळीच बंद केली.

मडगावचे माझे साडू सीए आहेत. दर गणेश चवथीला जेवायला बसलो की त्यांचं सुरू होतं, "पेटंट आलं, मशिनरी आली, लायसन्स आलं, व्यवहार चोख होता." चोख होता हो. गोळी कुठाय?

आता तुमच्या प्रश्नाकडे. नवा रेणू, म्हणजे औषधाचा मूळ घटकच, घेत असाल तर खुशाल घ्या. गिलियड या अमेरिकी औषध कंपनीने २०११ साली फार्मासेट ही दुसरी औषध कंपनी सुमारे ११ अब्ज डॉलरला घ्यायची ठरवली तेव्हा लोकांनी वेड्यात काढलं होतं. २०१३च्या डिसेंबरात हिपॅटायटिस सीवरच्या तिच्या सोफॉसबुविर या औषधाला अमेरिकेत मंजुरी मिळाली आणि पैसे वसूल झाले. रेणू कागदावर येतो, कुठल्याही प्लांटमध्ये तोच असतो. हातातलं कसब घेत असाल तर डिस्नेसारखं करा. २००६मध्ये ७.४ अब्ज डॉलरला पिक्सार हा ॲनिमेशन स्टुडिओ घेतला आणि पिक्सारच्याच एड कॅटमल यांना डिस्नेच्या ॲनिमेशनचंही अध्यक्ष केलं. विकत घेतलेल्यांच्या हाताखाली आपली माणसं द्यायची, एवढा मोठेपणा आमच्या खरेदीदारांकडून मी अपेक्षित धरत नाही.

हे सगळं लिहिलं, पण विक्री झाली नसती तर आमच्या फाटकाला कुलूपच लागलं असतं. दोन महिन्यांचे पगार थकले होते. बोनस मीही पूर्ण घेतला. त्या यादीवर सही करताना सातवं नाव सुचवायचं मला सुचलं नाही, हे साडूंना अजून सांगितलेलं नाही.

तुम्ही घेणाऱ्यांच्या बाजूला असाल तर एक रात्रपाळी शॉपफ्लोअरवर काढा. बॅच बिघडली की कोणाला हाक मारतात ते बघा, आणि तो माणूस कोणाच्या हजेरीपटावर आहे तेही.