विदर्भातल्या खेड्यात राहून रॅपर होता येतं का, आणि त्यातून धंदा उभा राहतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वणीकडच्या खेड्यात राहता, वऱ्हाडीत रॅप लिहिता; जे-झी, डिव्हाइन, एमसी स्टॅन असे गल्लीतले पोट्टे नाव आणि पैसा दोन्हीपर्यंत कसे पोचले, आणि ते गावातून जमेल का?

जमेल, भाऊ. पण या लोकांच्या गोष्टी सांगताना आधीची गरिबी आणि शेवटच्या गाड्या एवढंच सांगतात, मधला कागदपत्रांचा भाग गाळतात. पैसा त्या मधल्या भागात आहे, म्हणून मी तिथं जास्त बोलतो.

जे-झी म्हणजे शॉन कार्टर. जन्म १९६९, ब्रुकलिनच्या मार्सी हाउसेस या सरकारी वसाहतीत वाढला, अंमली पदार्थ विकायचा. हा भाग लोक फार चवीनं सांगतात, पण त्याच्या संपत्तीशी त्याचा संबंध नाही. कोणतीच मोठी कंपनी करार देईना तेव्हा त्यानं गाडीच्या डिकीतून सीडी विकल्या आणि डेमन डॅश व करीम बर्क यांना घेऊन रॉक-अ-फेला ही स्वतःची कंपनी काढली. १९९६ चा पहिला अल्बम तिथूनच आला. डेफ जॅम ही मोठी कंपनी नंतर दारात आली ती निम्मा हिस्सा विकत घ्यायला. २००४ मध्ये डेफ जॅमचं अध्यक्षपद घेताना जुन्या रेकॉर्डिंगची मालकी पुढे आपल्याकडे परत येईल, अशी अट त्यानं करारात घालून घेतली. रोकावेअर हा कपड्यांचा ब्रँड १९९९ चा. २००७ मध्ये त्या नावाचे हक्क २० कोटी ४० लाख डॉलरना गेले. २०१९ मध्ये फोर्ब्सनं त्याला पहिला अब्जाधीश रॅपर म्हटलं.

आपल्याकडे कुर्ल्याच्या नेझी या रॅपरनं २०१४ मध्ये पहिला व्हिडिओ आयपॅडवर केला. अंधेरीच्या डिव्हाइननं २०१९ मध्ये गली गँग ही स्वतःची कंपनी काढली. पुण्याच्या ताडीवाला रोडचा स्टॅन २०२३ मध्ये बिग बॉस जिंकला, पण त्याचा श्रोता त्याच्या कितीतरी आधीपासून यूट्यूबवर तयार होता.

आता मालकीचं. एका गाण्यात दोन वेगळे हक्क असतात. एक शब्दांचा आणि चालीचा, दुसरा रेकॉर्डिंगचा, ज्याला मास्टर म्हणतात. मास्टर म्हणजे गाण्याचा सातबारा. आपल्या कॉपीराइट कायद्यात रेकॉर्डिंगचा मालक गाणारा नसतो; ज्यानं पुढाकार आणि जबाबदारी घेऊन ते करवलं तो 'निर्माता' मालक असतो. स्टुडिओवाला म्हणाला, 'पैसे राहू दे, गाणं आपल्या चॅनलवर टाकू', तर तो फुकट मदत करतोय असं समजू नका. सातबारा त्याच्या नावावर चढतोय. स्टुडिओचं भाडं स्वतः भरा आणि आपल्या नावाची पावती घ्या.

एखादा चॅनल ठोक रक्कम देऊन गाणं मागत असेल तर स्टँप पेपरवर 'कायमस्वरूपी, संपूर्ण जगासाठी, सर्व माध्यमांसाठी' हे शब्द शोधा. तेच खरेदीखत. त्याऐवजी मक्त्यानं द्या: दोन-तीन वर्षं, ठरावीक माध्यमं, मुदतीनंतर परत. हक्क हस्तांतरित करताना मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा सहीनंसुद्धा कंपनीला देऊन टाकता येत नाही. हा वाटा गोळा करायला इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचं सभासद व्हा आणि प्रत्येक गाणं तिथं नोंदवा. सभासद झाले पण गाणीच नोंदवली नाहीत, तर वाटा तुमच्यापर्यंत येणार कसा?

बीटवर, म्हणजे रॅपमागच्या संगीतावर, सगळ्यात जास्त पोट्टे अडकतात. यूट्यूबवरची 'फ्री' बीट बहुतेक वेळा कमाई न करण्याच्या अटीवर फ्री असते. लीज घेतली तर ती खरोखर मक्ताच असते: स्ट्रीमची मर्यादा, कधी वर्षांची मर्यादा, आणि तीच बीट आणखी पन्नास जणांकडे. अशा बीटवरचं गाणं कन्टेन्ट आयडीत, म्हणजे यूट्यूबच्या गाणी ओळखणाऱ्या यंत्रात, नोंदवू नका. यंत्र तुमच्या गाण्याच्या नावानं बाकीच्यांवर दावे ठोकतं, मग बीटवाला तुमचं गाणंच काढायला लावतो. गावाजवळचा कोणी बीट बनवत असेल तर उत्तम. शब्द-चालीचा वाटा निम्मा-निम्मा ठरवा, मास्टर कोणाचा ते वेगळ्या ओळीत लिहा, तारीख घाला, दोघांची नावं पॅन कार्डावर आहेत तशी लिहा. दोस्तीत कशाला कागद, असं वाटेल. गाणं चालल्यावर मात्र तो कागद करता येत नाही.

लिहिण्यात वऱ्हाडीचा मोठा फायदा आहे, तो पुण्यामुंबईच्या पोट्ट्यांना नाही. 'ळ' चा 'य' होतो, त्यामुळे 'शाया, काया, माया, बाया' एका यमकात बसतात. प्रमाण मराठीत 'शाळा' आणि 'बाया' जुळत नाहीत. मात्र 'रायला'च्या, म्हणजे 'राहिला'च्या, नादी लागू नका. 'करून रायला, मरून रायला, भरून रायला' यात यमक 'करून-मरून-भरून'मध्ये आहे, 'रायला' नुसती शेपटी. नुसत्या शेपटीवर आठ ओळी ओढल्या की ऐकणारा पाचव्या ओळीला गाणं पुढं ढकलतो. मिनिटाला ९० ठोक्यांच्या लयीत १६ बारचं (एक बार म्हणजे चार ठोके) कडवं साधारण ४३ सेकंदांचं होतं, एका बारला पावणेतीन सेकंदांहून थोडं कमी. त्यात १० ते १४ अक्षरं आरामात बसतात. २० कोंबली तर श्वास कुठं घ्यायचा? श्वासाची जागा कागदावर खूण करून ठेवा, स्टेजवर तीच वाचवते.

रेकॉर्डिंगला टिनाची खोली सगळ्यात वाईट, आवाज भांड्यात बोलल्यासारखा येतो. मातीच्या भिंती आणि कवेलूचं घर बरं. माइकासमोर तोंड करून उभे राहाल तेव्हा तुमच्या पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना गोधड्या टांगा, कारण माइक तुमच्या मागची भिंतच ऐकत असतो. घरात वेचून ठेवलेल्या कापसाच्या खोलीत आवाज सुरेख दबतो, पण अंगाला खाज सुटते आणि बारीक तंतू माइकात जातात, तेव्हा तो मोह आवरा. साध्या घरात रेकॉर्ड करायचं तर कंडेन्सर हा फार संवेदनशील माइक घेऊ नका. तो कूलर, कुत्रं, मोटारपंप सगळं पकडतो. डायनॅमिक, म्हणजे जवळचाच आवाज घेणारा, माइक घ्या, यूएसबीचा चालेल. अंतर १० ते १५ सेंटिमीटर, तोंड थोडं तिरकं, पुढं 'प', 'फ'चा फुत्कार अडवणारी जाळी, म्हणजे पॉप फिल्टर. सेटिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. सर्वांत मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलमध्ये राहू द्या. लाल दिवा लागलेला टेक नंतर दुरुस्त होत नाही. भणभण येत असेल तर बहुधा घराला अर्थिंग नाही. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करा.

मुख्य आवाज एक, शेवटच्या शब्दांवर दुसरा थर, अ‍ॅडलिब (मधल्या आरोळ्या) वेगळ्या ट्रॅकवर. मिक्स झाल्यावर मोबाइलच्या स्पीकरवर ऐका. ८०८ चा बास, म्हणजे बीटमधला खोल ठोका, तिथं गायब होत असेल तर थोडं सॅच्युरेशन (आवाजाला किंचित खरखर देणारा इफेक्ट) द्या. तुमचा बहुतेक श्रोता फोनवरच ऐकणार. तयार गाण्याचा आवाज उणे १४ एलयूएफएसच्या (हे आवाजाच्या मोठेपणाचं माप) आसपास पुरे. त्याहून कितीही मोठं केलं तरी यूट्यूब आणि स्पॉटिफाय ते परत खाली आणतात, तुमची फक्त धार जाते.

स्पॉटिफायसारख्या ठिकाणी गाणी पोचवणाऱ्या वितरकाकडून गाणं टाकताना दोन गोष्टी विचारा: वार्षिक फी बंद केली तर गाणी उतरवता का, आणि आयएसआरसी, म्हणजे रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक, कोणाचा. हा १२ अक्षर-अंकांचा क्रमांक वहीत लिहून ठेवा. वितरक बदलताना तोच वापरला नाही तर जुने स्ट्रीम शून्यावर येतात.

स्टेजचा धंदा शिकायचा तर गडचिरोलीतल्या वडशाकडे बघा. झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटक कंपन्या दिवाळीनंतर हंगाम धरतात. गावचं मंडळ कंपनीला ठरलेली रक्कम देतं आणि तिकिटं विकून आपला नफा काढतं. हाच हिशेब तुम्ही लावा. १४ एप्रिल, गणपती, पोळा अशा तारखांना निम्मी रक्कम आगाऊ घ्या. २० मिनिटांना पाच-सहा गाणी पुरतात. मुख्य आवाज काढलेला ट्रॅक पेनड्राइव्हवर आणि फोनवर, दोन्हीकडे ठेवा. माइकाची जाळी मुठीत धरू नका, कर्णा किंचाळतो. पोलिस ठाण्याची परवानगी आयोजकाच्या नावावर आहे का बघा आणि रात्री १० च्या आधी उरका. आणि सरपंचाचं नाव घेऊन डिस, म्हणजे टोमणे मारणारं, गाणं म्हणायचं असेल तर आधी वकिलाची फी बाजूला ठेवा.

यूट्यूबच्या जाहिरातीचा पैसा १,००० सबस्क्रायबर आणि वर्षात ४,००० तास, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यू झाल्यावर सुरू होतो. खात्यात १० डॉलर जमले की पत्ता तपासायला पिनचं पत्र टपालानं येतं, आणि खेड्यात गाडी इथंच अडते. पत्त्यात पोस्ट, तालुका, पिनकोड नीट घाला आणि पोस्टमनला आधी सांगून ठेवा. पैसे १०० डॉलर झाल्यावर निघतात. कंपनीनं रॉयल्टीतून १० टक्के टीडीएस कापला असेल तर रिटर्न भरा. उत्पन्न कमी असेल तर तो परत मिळतो.

टी-शर्टची घाई नको. रोकावेअर निघालं तेव्हा जे-झीचे तीन अल्बम बाजारात होते. पहिली खेप ५० ची, १८० जीएसएमच्या (चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) खाली कापड नको, आणि आगाऊ पैसे घेऊनच छापा. छापण्याआधी ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर तुमचं नाव शोधा. गाण्यासाठी वर्ग ४१, कपड्यांसाठी वर्ग २५; व्यक्तीनं ऑनलाइन अर्ज केला तर एका वर्गाला ४,५०० रुपये. दोन्ही एकदम परवडत नसतील तर आधी ४१ करा.