मामांची कुऱ्हाड बादलीत का नको?

प्रश्न : मी म्हापशाचा. सुट्टीत मित्रांबरोबर वाळपईजवळ मामांच्या काजूबागेत तंबू ठोकून राहतो. जळण फोडायला कुऱ्हाड हवी आहे. ऑनलाइन मिळणारी देखणी घ्यावी, की आमच्या शुक्रवारच्या बाजारातली? मामांची जुनी आहे, पण उन्हाळ्यात सैल होते. मग ते ती रात्रभर बादलीत बुडवून ठेवतात. हे बरोबर आहे का?

उत्तर : आधी बादलीचं बोलतो, कारण खरा धोका तिथं आहे. आपल्याकडे पावसात लाकूड फुगतं आणि मार्च-एप्रिलात आटतं. दांडा भिजवला की तो फुगतो खरा, पण लोखंडाच्या नेढ्यात, म्हणजे दांडा बसतो त्या भोकात, त्याला जागाच नसते, त्यामुळे लाकडाचे तंतू चेपतात. वाळल्यावर तो आधीपेक्षाही सैल होतो. मीही वर्षानुवर्षं हेच करत होतो. एका मार्चमध्ये फणसाचा ओंडका फोडताना तिसऱ्या घावाला पातं निसटलं आणि धाकटा भाऊ बसला होता तिथून हातभर अंतरावर मातीत रुतलं. तेव्हापासून लाकडाला हात लावण्याआधी मी कुऱ्हाड कानाजवळ धरून हलवतो. बारीक जरी ‘टक्’ झालं, तरी त्या दिवशी काम बंद.

मामांचं पातं चांगलं असेल तर नवीन घेऊच नका, फक्त दांडा बदला. धामणीचं लाकूड मिळालं तर उत्तम : चिवट असतं, हाताला झिणझिण्या येऊ देत नाही. दांड्याच्या टोकाकडून बघा, लाकडाच्या रेषा धारेच्या दिशेनं जायला हव्यात. आडव्या असतील तर घाव बसताना तो फाटतो. आणि दांडा भर उन्हाळ्यातच बसवा, पूर्ण वाळलेला, सुकी पाचर ठोकून. पावसाळ्यात बसवलेला पुढच्या मार्चमध्ये हलणारच.

नवीनच घ्यायची तर पातं ७००-८०० ग्रॅमचं, दांडा दीड फुटाचा. ऑनलाइन की बाजार, याला माझ्या मते महत्त्व नाही. दुकानदाराला विचारून धारेवर हलकेच कानस फिरवा. लोण्यासारखी चालली तर पातं मऊ, काचेवरून घसरल्यासारखी गेली तर ठिसूळ. खरखरत जरा चावली पाहिजे. धार पुढेही कानशीनं आणि ओल्या सहाणेवरच लावा. ग्राइंडरवर धार निळी पडली की तिचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं म्हणून समजा.

आखूड कुऱ्हाड चालवताना गुडघे टेकून बसा. उभ्यानं घाव चुकला तर तो नडगीवर येतो, बसून चुकला तर मातीत जातो.

दांड्याला खोबरेल लावू नका. ते सुकत नाही, चिकट राहतं. जवसाचं तेल सुकतं, ते पातळ हातानं चोळा. पात्याला मात्र जूनच्या आधी तेलाचा हात हवाच, नाहीतर आपल्या दमट हवेत आठवड्यात गंज धरतो.

मामांची बाग सोडून म्हादई अभयारण्याच्या बाजूला फिरायला गेलात, तर कुऱ्हाड तंबूतच ठेवा. तिथं वाळकी फांदीसुद्धा तोडायची नाही.