चावी फिरवल्यावर नुसता ‘टिकटिकटिक’ आवाज येतो, गाडी सुरू होत नाही. स्टार्टर बदलावा लागेल का?

लगेच बदलू नका. असा भराभर टिकटिक आवाज बहुतेक वेळा उतरलेल्या बॅटरीचा किंवा तिच्या सैल टर्मिनलचा (जिथे वायर जोडतात त्या टोकाचा) असतो. स्टार्टरच्या सोलेनॉइडला (मोटरला वीज जोडणाऱ्या चुंबकी स्विचला) थोडा करंट पुरतो, पण इंजिन फिरवणारी स्टार्टरची मोटर चालवायला शंभराहून जास्त अँपिअर लागतात. तेवढा भार पडला की व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो, पुन्हा ओढला जातो, तोच हा आवाज. हेडलाइट लावून चावी फिरवा. दिवे अगदी मंद झाले तर दोष बॅटरीकडचाच. आधी बॉनेट उघडून टर्मिनल हाताने हलवून बघा. हलत असेल तर घट्ट करा. पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड जमली असेल तर मायनसची वायर आधी काढून, खायचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने आणि जुन्या ब्रशने घासा. एवढ्यावरच कित्येक गाड्या सुरू होतात, म्हणून गॅरेजला फोन करण्याआधी हे कराच. मल्टिमीटर असेल तर: गाडी बंद असताना 12.6 व्होल्टच्या आसपास म्हणजे बॅटरी भरलेली, 12 च्या खाली म्हणजे उतरलेली. मात्र दिवे लख्ख राहून एकदाच जोरात ‘टक’ वाजत असेल, तर स्टार्टरवरचा तुमचा संशय खरा असू शकतो. आणि गाडी ऑटोमॅटिक असेल तर ढकलस्टार्ट करू नका, दुसऱ्या गाडीच्या बॅटरीतून करंट घ्यायची जंपर केबलच लावा.