बाबांचं कार्ड निघेल का?

प्रश्न: आमचे बाबा ७३ वर्षांचे, सिडकोत राहतो, बाबांना पेन्शन आहे आणि रेशनकार्ड पांढरं, म्हणून शेजारचे म्हणतात मोफत उपचारांचं सरकारी आयुष्मान कार्ड तुम्हाला नाहीच मिळणार. खरंय का?

उत्तर: ताई, नाही, अजिबात खरं नाही! रेशनकार्डाचा रंग, पेन्शन, उत्पन्न, यातलं काहीच ७० च्या पुढच्यांना बघत नाहीत, ऑक्टोबर २०२४ पासून फक्त वय बघतात आणि तेही आधारवरचं. ५ लाखांपर्यंतचे उपचार वर्षाला, पण आईपण सत्तरीच्या पुढे असेल तर दोघांत मिळून ५ लाख हे लक्षात ठेवा. प्रायव्हेट मेडिक्लेम असला तरी चालतो, फक्त केंद्र सरकारची किंवा माजी सैनिकांची आरोग्य योजना असेल तर दोनातली एक निवडावी लागते.

आता आधी बाबांचं आधार हातात घेऊन जन्मसाल बघा, कारण आमच्या आत्याच्या आधारवर साल चार वर्षांनी पुढचं पडलेलं, वय ७१ पण कागदावर ६७, मशीनने सरळ नाही म्हटलं आणि बिचारी उन्हात दोन चकरा मारून आली. पात्र असणं वेगळं आणि ते कागदावर दिसणं वेगळं हो. साल चुकलं असेल तर आधी ते दुरुस्त करा, मग कार्डासाठी ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ऑनलाइन ओळख पटवणं. आणि हे आजारपणाची वाट न बघता आत्ताच करा, प्लीज.