सस्पेन्सला टाकलेलं वर्ष

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. माझं वय ४४. ऐरोलीतल्या एका कंपनीत १४ वर्षं रात्रपाळी केली. गेल्या डिसेंबरात वडील गेले. दिवसकार्य उरकून परत आलो, तर ऑफिसात माणसं कमी करणार अशी कुजबुज सुरू होती. ३० एप्रिलला आमची सबंध टीमच घरी बसली. फॉर्म आधीच भरलेला होता म्हणून मे महिन्यात जीडीसी अँड एची (सहकार आणि हिशेबाच्या सरकारी पदविकेची) परीक्षा दिली. दोन विषय राहिले. जूनमध्ये आई गुहागरचं घर बंद करून कायमची आमच्याकडे आली. ती ७२ वर्षांची आहे. सध्या मी खारीगाव-विटाव्यातल्या सहा सोसायट्यांचे हिशेब लिहितो. मिळकत जुन्या पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. घर बायकोच्या पगारावर चाललं आहे. भाऊबीजेला चुलतभावाने सगळ्यांसमोर विचारलं, “मग, वर्षभर काय केलंस?” मला उत्तर सुचलं नाही. तुम्हीच सांगा, हे वर्ष जमेला धरू की खर्ची टाकू?

ता. क. : व्हाउचरना टाचण्या आई लावून देते. तिचा वेळ जातो.

— एक वाचक, खारीगाव (कळवा)

उत्तर : बँकेत १९ वर्षं काढलेल्या बाईला तुम्ही ‘जमा की खर्च’ विचारलंत. आता ऐकून घ्या.

पत्र वाचून मी आधी तारखा एकाखाली एक मांडल्या. डिसेंबर, एप्रिल, मे, जून. चुलतभाऊ विचारतो, वर्षभर काय केलंस. अहो, जूनपर्यंत तुम्हाला काही करायला सवड कुठे होती? एकामागून एक येऊन आदळत होतं. वर्ष तुमच्या हाती आलं ते जूनच्या पुढे.

३१ मार्चच्या रात्री आमच्या ठाण्यातल्या जांभळी नाक्याजवळच्या शाखेत आकडा जुळेपर्यंत कुणी उठायचं नाही. वडे यायचे, चहा यायचा, शिपाई पेंगायचा. आणि दरवर्षी एखादी नोंद अशी निघायचीच, की रक्कम खरी आहे, आलेली आहे, पण कुठल्या खात्याची ते कळत नाही. ती कुणी फाडून टाकत नसे आणि घरी जायची घाई म्हणून भलत्याच्या खात्यातही ढकलत नसे. ती सस्पेन्सला टाकायची. पुढे कागद आला, माणूस आला, की तिथून उचलून जिथली तिथे न्यायची. तुमची नोकरी गेली ती नोंद मी आज सस्पेन्सला टाकेन. चारचौघांत प्रश्न आला, तुम्ही ओशाळलात, आणि त्या भरात ती तोट्यात लिहायला निघालात.

माझंच सांगते. सरकारी बँकांत व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती योजना, आली त्या वेळी मी ४१ वर्षांची. १५ वर्षं नोकरी किंवा ४० वर्षं वय, एवढी अट. माझ्याकडे दोन्ही होतं. २००१ च्या मार्चअखेर सुटले. पहिल्या सोमवारी साडेपाचला उठून डबा भरला. सवयीने भरला असं मी सगळ्यांना सांगत आले, पण खरं म्हणजे शेजारणीला दाखवायला भरला. नौपाड्यातून चालत तलावपाळीला गेले आणि एक वाजता तिथल्या बाकावर बसून पोळी-भाजी खाल्ली. सासूबाई आठ महिने पाहुण्यांना सांगायच्या, “ती रजेवर आहे.” दुपारी मी मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन बसायचे. १८९३ सालची संस्था. पेपर वाचणाऱ्या पेन्शनरांत मी एकटी बाई. एका आजोबांनी पंख्याखालची खुर्ची सोडली, तेवढाच त्या उन्हाळ्यात मिळालेला मान.

ते वर्ष कुठे लिहायचं हे मला पाच वर्षांनी कळलं. घरकामाच्या बायकांना पासबुक वाचून दाखवता दाखवता मी बचत गटांची दप्तरं लिहू लागले होते, आणि ते आजही चालू आहे. पण व्हीआरएसच्या पैशाच्या व्याजावर निम्मं घर चालेल, हा माझा हिशेब साफ कोसळला. पुढच्या दोन-तीन वर्षांत ठेवींचे दर घसरतच गेले. तो तोटा. त्याला मी ‘शिकायला मिळालं’ वगैरे म्हणत नाही. तुमचाही पगार तिसऱ्या हिश्श्यावर आला आहे, तो तोटाच आहे. बायकोसमोर तसं म्हणायला लाजू नका. तिला ते तुमच्या आधी कळलेलं असणार, महिन्याची यादी तीच करते.

वडिलांचं जाणं मात्र या वहीत घेऊ नका. त्यासाठी रकाना नाही.

आता ज्या गोष्टी सस्पेन्सला ठेवून चालणारच नाही, त्या. तुमच्या पत्रात मेडिक्लेमबद्दल चकार शब्द नाही. कंपनीचा ग्रुप विमा नोकरीबरोबर गेला असेल, तर तुम्ही, बायको आणि आई उघड्यावर आहात. आईचं काम सोपं आहे : ७० च्या वरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतमध्ये ५ लाखांचं कवच ऑक्टोबर २०२४ पासून आहे. आधार घेऊन तिचं कार्ड काढून घ्या. तुमची स्वतःची पॉलिसी या महिन्यातच घ्या. आधीपासूनच्या आजारांसाठी विमा कंपनी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबवू शकते आणि ती वर्षं पॉलिसी घेतल्या दिवसापासून मोजतात. बीपीची गोळी सुरू असेल तर लपवू नका, पुढे क्लेमच्या वेळी तीच नडते.

दुसरं म्हणजे पीएफ. नोकरीला लागताना नॉमिनी म्हणून कुणाचं नाव घातलं होतं ते आठवा. वडिलांचं असेल, तर ते आज उपयोगाचं नाही, आणि लग्नाआधी केलेलं नॉमिनेशन तर पीएफच्या नियमाने लग्न झालं तेव्हाच रद्द झालं. सहा सोसायट्यांची नॉमिनेशन रजिस्टरं तपासता, त्यांत स्वतःचंही एक धरा.

आणि सहा सोसायट्या म्हणजे काही किरकोळ काम नव्हे. मी आमच्या सोसायटीची खजिनदार होते, म्हणून सांगते. ३० सप्टेंबरच्या आत सहा वार्षिक सभा, सहा ताळेबंद, आणि सिंकिंग फंड (इमारतीच्या पुढच्या मोठ्या कामांसाठीची शिल्लक) बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का दरवर्षी काढावाच लागतो हे पटवून घ्यायला तयार नसलेले निदान सहा काका. चुलतभावाला पुढच्या एजीएमला घेऊन जा. पहिल्या खुर्चीत बसवा. मेन्टेनन्सची थकबाकी वाचून दाखवताना त्याच्याकडे बघा. तोवर त्याने विचारलंच तर “सहा बॅलन्स शीट केल्या” एवढं सांगून लाडू उचला.

राहिलेले दोन विषय पुन्हा द्या. फॉर्मची तारीख हुकवू नका.

ताजा कलम लिहिताना तुम्ही आईला दोन ओळींत उरकलंत. गुहागरचं घर बंद करून आलेली बाई खारीगावात पोराच्या व्हाउचरना टाचण्या लावत बसते, आणि तुम्ही १४ वर्षांनंतर दिवसाउजेडी तिच्यासमोर जागे असता. ही नोंद कुठली, ते तुम्ही ठरवा. मी विचारणार नाही. फक्त त्या टाचण्या बंद करा. आपल्याकडच्या पावसाळ्यात त्या गंजतात आणि नेमका आकड्यावर डाग पडतो. आईला एक चांगला स्टेपलर आणून द्या, दाबायला हलका असेल असा बघून.