बेळगाव ते बेंगळुरू फायबरमधला सिग्नल वाटेत वाढवतात कसा, ट्रान्झिस्टरनं का नाही?
लेसरनंच वाढवतात. कारण फायबरमधनं जाणारा 1550 नॅनोमीटरचा प्रकाश म्हणजे जवळपास 193 टेराहर्ट्झ फ्रिक्वेन्सी (सेकंदाला 193 लाख कोटी कंपनं), ट्रान्झिस्टर कितीबी भारी असला तरी 1 टेराहर्ट्झच्या आसपासच दमतोय बघा. मी इकडं स्प्लायसिंगच्या (फायबर जोडायच्या) कामात आहे, चांगल्या फायबरलासुद्धा किलोमीटरमागं 0.2 डीबी (डेसिबल) लॉस धरतो, म्हणजे बेळगाव-धारवाड साधारण 80 किमी धरलं तर 16 डीबी, प्रकाश 40व्या हिश्श्यावर आला की, मग एवढ्या अंतरावर ईडीएफए, म्हणजे प्रकाश थेट वाढवणारा अॅम्प्लिफायर लावतात, त्यात एर्बियम हा धातू मिसळलेली फायबर असते, 980 नॅनोमीटरचा सेमीकंडक्टर लेसर तिला पंप करतोय, म्हणजे एनर्जी भरतोय, एर्बियमचे आयन एनर्जी धरून बसतात आणि सिग्नल आला की त्याच्याच फ्रिक्वेन्सीचा प्रकाश सोडतात. फक्त सिग्नलबरोबर नॉइजबी वाढतोय, त्यामुळं एकामागं एक कितीबी लावून चालत नाही.